दहाचा घन

काटेकाकांना कुठल्याही वस्तूचं वजन नुसत्या डोळ्यांनी कळायचं. साखर कारखान्याच्या फाटकातून उसाची ट्रॉली आत वळली की ते खिडकीतून एकदाच बघत आणि पुटपुटत, "नऊ-सहा." म्हणजे नऊ टन सहा क्विंटल. ट्रॉली अजून वजनकाट्यावर चढलेलीही नसे. काट्यावरचे कारकून म्हणून सगळी कॉलनी त्यांना काटेकाका म्हणायची. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "चाळीस किलो. त्यातलं चार दप्तराचं." हे मी अजून कौतुकानं सांगते, याचा मला राग येतो.

बाबा कारखान्यात इंजिनिअर होते. मी रोज बसनं नगरला, सावेडीतल्या इंग्लिश शाळेत जायची. कॉलनीतल्या मुलींना मी शिष्ट वाटायची. खरं तर मला बोलायची भीती वाटायची. बस काट्यापाशी थांबायची आणि मी काकांच्या खिडकीशी रेंगाळायची. काकांनी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं, पण इंग्रजीनं त्यांना कायम छळलं. मी शाळेच्या लायब्ररीतून विज्ञानाची मासिकं आणायची, मोठ्यानं वाचून त्यांना मराठीत सांगायची. "इंग्रजी तुझं, गणित माझं," असा आमचा करार होता. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या खिडकीतच कळलं.

कृष्णविवरांचा लेख त्यांना वेड लावून गेला. प्रचंड कृष्णविवर थंड असतं आणि अब्जावधी वर्षं तसंच राहतं. पण अगदी छोटं असेल तर ते तापलेलं असतं, स्वतःचं वजन ऊर्जेच्या रूपानं बाहेर टाकत राहतं, आणि जितकं हलकं होतं तितकं जास्त वेगानं उडून जातं. काकांनी लगेच हिशेब मांडला. कारखान्यात दिवसाला हजार टन ऊस गाळला जायचा. "एवढ्या वजनाचं कृष्णविवर किती जगंल? चौऱ्याऐंशी सेकंद! आता निम्मा ऊस घे. किती?"

"बेचाळीस," मी म्हणाले.

"साडेदहा! लई घाई करती तू. आयुष्य वजनाच्या घनावर जातं, पोरी. निम्म्याचा घन आठवा हिस्सा."

मग तो खेळच झाला. जुन्या पावत्यांच्या कोऱ्या पाठी शिवून त्यांनी वही केली होती. काट्यावर येईल ती ट्रॉली त्या वहीत कृष्णविवर व्हायची: टनातलं वजन, पुढं त्याचा घन, पुढं आयुष्य. पापणी लवते त्याच्या हजाराव्या हिश्शाइतकंही भरायचं नाही. घोडेगावच्या बाजारात घेतलेली म्हैस तर "दावं सोडायच्या आत गुल!" घन तपासायचं काम माझं. आणि ते नेहमी बजावायचे, "वजनात चूक करू नगं. वजनातली एक टक्का चूक आयुष्यात तीन टक्के व्हती."

त्या दुपारी शाळा लवकर सुटली होती. मिरजगावकडचे एक बापू ट्रॉली घेऊन आले. ती फाटकात दिसताच काका सवयीनं पुटपुटले, "दहा-चार." काट्यावर भरले बरोबर दहा टन. काकांची नजर पहिल्यांदाच चुकली म्हणून मला वाईट वाटलं.

बापूंनी खिशातून हायवेवरच्या काट्याची पावती काढली. दहा टन चार क्विंटल.

"साहेब, चार क्विंटल ऊस कुटं गेला? वाटंत ट्रॅक्टरनं खाल्ला व्हय?"

रांगेतले लोक हसले. काकाही हसले. "बापू, ऊन काय कमी हाय का? पानी उडतं उसातलं. या पोरीला इचारा. इंग्लिश शाळेत हाय ती. आभाळातली कृष्णविवरं कशी उडून जात्यात त्याचं गणित करती. का गं, बरोबर हाय ना आपला काटा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. अनोळखी माणसांसमोर मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "हो. काकांचा काटा बरोबर आहे."

बापूंनी माझ्याकडे नीट बघितलं. "पोरगी कशाला खोटं बोलंल," म्हणाले, आणि पावती घेऊन गेले.

मी हवेत होते. बापू गेल्यावर नेहमीसारखी वही ओढली. शेवटची ओळ बापूंच्या ट्रॉलीची होती. दहाचा घन हजार. तो तपासावाही लागत नाही. वहीत लिहिलं होतं, अकराशे पंचवीस, आणि त्याच्या आधी वजन, दहा-चार. मी मागची पानं काढून कारखान्याच्या पावत्यांशी जुळवली. पावतीवर नऊ-दोन, तर वहीत नऊ-सहा. कृष्णविवरांना काकांनी एकदाही खोटं वजन दिलं नव्हतं.

मी वही त्यांच्यासमोर ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"घन करायचा म्हणजे खरं वजन लागतं, पोरी."

"आणि बापूंना?"

"काटा कुनी लावला ते इचारू नगं. मी नुसता खिडकीत बसतो."

"मग सगळ्यांसमोर मला कशाला विचारलंत?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग अगदी मायेनं म्हणाले, "तुझ्या तोंडावर दिसतं ना, तू खोटं बोलत न्हाईस म्हनून."

त्यानंतर मी बसमधून उतरले की मागच्या रस्त्यानं घरी जायची. घरी काही बोलले नाही. बापूंनाही काही सांगितलं नाही. पुढं कॉलेजात असताना एसटी मिरजगावला थांबायची तेव्हा मी खिडकीतून फेट्यांखालचे चेहरे बघायची आणि बस सुटली की हायसं वाटायचं. त्याचीही मला लाज वाटते.

दहावीनंतर बाबांची नोकरी बदलली. सामान भरलेला टेम्पो फाटकाशी उभा होता. काका खिडकी सोडून बाहेर आले. वही माझ्या हातात दिली, टेम्पोकडे एकदा बघितलं आणि सवयीनं पुटपुटले, "दोन-सात."

मी त्यांच्याशी महिनोन्‌महिने बोलले नव्हते. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "काका, वहीतलं की पावतीवरचं?"

काकांनी रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वहीतलं," ते म्हणाले. इतक्या हळू, की ते फक्त मलाच ऐकू आलं.