रान्वाला दोन-दोन दिसायचं

क्लाक्सविक या उत्तरेकडच्या बेटावरल्या गावच्या हँडबॉल संघाची गोलरक्षक रान्वा अंगाने धिप्पाड आणि स्वभावाने हट्टी. तोंडावर येणारा चेंडू चुकवायचा असतो, हे तिला कधी पटलंच नाही. थंडीतल्या एका सामन्यात तिने असाच एक चेंडू कपाळाने अडवला. गोल वाचला. रान्वा उठली आणि समोरच्या पंचाला म्हणाली, "तुम्ही दोघं जरा बाजूला व्हा, मला दिसत नाही."

समोर एकच पंच होता.

मेंदूला हादरा बसलाय, डोळे जोडीने हलत नाहीत, असं निदान झालं. खेळ बंद, ती कामाला होती त्या मासळीच्या कारखान्यात सुरी धरायलाही बंदी. संघाच्या फिजिओथेरपिस्ट मार्युनने व्यायाम दिला: मान न हलवता पेनावर नजर ठेवायची, मग ते हळूहळू नाकाजवळ आणायचं. एकाची दोन झाली की थांबायचं.

घरी ही जबाबदारी तिच्या बापाने, हानुसने, घेतली. सगळा जन्म बोटीवर काढलेला माणूस.

"पेनाकडे काय बघायचं? ना वास, ना चव," म्हणत त्याने विणकामाच्या सुईला सुक्या माशाचा तुकडा बांधला आणि लेकीपुढे झुलवायला लागला. रान्वाला मळमळायला लागलं. शेजारी बसलेल्या मांजरीने मात्र नजर ढळू दिली नाही.

"हिच्याकडून शीक जरा," हानुस म्हणाला.

"बाबा, तिला खायचाय तो. मला ओकारी येतेय."

पुन्हा गोलात उभं राहता येणारच नाही, या धास्तीने तिला झोप लागेना. शेवटी हानुसने सल्ला दिला, "मार्युनने काहीही विचारलं की एक म्हणायचं."

तपासणीच्या दिवशी मार्युनने हात पुढे केला. "किती दिसतायत?"

"एक," रान्वा म्हणाली. "अगदी स्पष्ट."

"अगं, मी दोन पेनं धरलीत."

कोपऱ्यातला हानुस छतावरचा दिवा निरखायला लागला.

त्यानंतर मात्र रान्वाने इमानाने व्यायाम केला. घेरी आली की बसायची, पुन्हा उठायची. हळूहळू जोड्या एकमेकींत मिसळल्या. बापसुद्धा एकच उरला, याचं तिला मोठं समाधान वाटलं.

वसंतात ती मैदानात उतरली. पहिलाच चेंडू तिच्या खांद्यावरून सरळ जाळ्यात गेला.

"दिसला नाही का?" मार्युन मैदानाच्या कडेला उभी राहून ओरडली.

"दिसला की. एकच होता," रान्वा म्हणाली. "बघतच राहिले."

संघ हरला. घरी जाताना बाकीच्या तिच्याशी बोलत नव्हत्या आणि ती मजेत शीळ घालत होती.