उबेच्या जागेवरचा लाल रेडिओ

जॉम-रे आजींकडून एकही तक्रार आली नव्हती, आणि यंग-नानला नेमकी तीच गोष्ट टोचत होती. बाजारात टेबल मांडताना टोचायची, घरी तांदूळ धुताना टोचायची. पोर बराच वेळ गप्प असलं की आई हातातलं काम टाकून उठते. तसं ती दिवसातून दहादा मनातल्या मनात उठत होती आणि पुन्हा बसत होती.

गाणी विकण्यातच तिचं आयुष्य गेलं होतं. लग्न करून ती बोंगह्वा गावाला आली तेव्हा नवरा हातगाडीवर कॅसेटी विकायचा. त्या काळातली गिऱ्हाइकं भांडकुदळ. फीत अडकली की कॅसेट नाचवत यायची आणि भर बाजारात विचारायची, "काय गं, तुझ्या गायकाला पडसं झालंय का?" यंग-नान पेन्सिल खुपसून फीत गुंडाळायची, नाहीच जमलं तर दुसरी कॅसेट द्यायची, वर चार शिव्याही खायची. पुढे सीडी आल्या. त्यांच्यावर चरे पडायचे, गाणं एका जागी उचक्या देत बसायचं, आणि माणसं पुन्हा भांडायला यायची. तिला त्याचं काही वाटलं नाही. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाचं एक बरं असतं, त्याच्या घरात काय चाललंय ते कळतं.

आता नवऱ्याचे गुडघे गेले होते. तो घरी बसून मिरच्या निवडायचा आणि मालाचा टेम्पो तीच चालवायची. दर पाच दिवसांनी भरणाऱ्या बाजारात, मुरमुऱ्यांच्या भट्टीशेजारी, तिचं टेबल असे. त्यावर हाताच्या पंजाएवढे रेडिओ. रेडिओ नावालाच. आत नखाएवढं कार्ड, कार्डात जुनी गाणी ठासून भरलेली. बटणं मोठी, आवाज त्याहून मोठा. लोक त्याला 'सेवेचा रेडिओ' म्हणत, कारण तो कोणी स्वतःसाठी घेत नसे. शहरात राहणारी मुलं सणाला घरी आली की आईबापांसाठी घेत. म्हणजे पैसे देणारा कधी ऐकायचा नाही, आणि ऐकणारा कधी तक्रार करायचा नाही.

हे दुसरं तिच्या लक्षात यायला हिवाळा उजाडावा लागला.

एका बाजाराला नदीपलीकडच्या गावातली एक सून रुमालात काहीतरी गुंडाळून घेऊन आली. इकडेतिकडे बघत तिने ते टेबलाखालून पुढे केलं. शरदातल्या सणाला विकलेल्या लाल रेडिओंपैकी एक होता. त्याची पाठ वाफवलेल्या पावासारखी टम्म फुगली होती.

"मामंजींना सांगू नका हं मी आणला ते," सून म्हणाली. "ते म्हणतात, छान चाललाय. महिना झाला, त्यातून आवाज नाही. पण नणंदेने दिलाय ना, वाईट कसा म्हणायचा?"

"ठेवतात कुठे?"

"कुठे म्हणजे? उबेच्या जागेवर. रजईखाली. वायर लावूनच."

यंग-नानने कपाळाला हात लावला. जुन्या घरांत चुलीचा धूर जमिनीखालून फिरतो, आणि चुलीलगतचा कोपरा सगळ्यात गरम. घरातलं जे मोलाचं ते तिथे: आजारी माणूस, बाळंतीण, उशिरा येणाऱ्याचं जेवण. मुलीने दिलेली वस्तू थंड फडताळात कोण ठेवील? पण आतली बॅटरी होती, ती काही बाळंतीण नव्हती. वर वायर लावलेली, वर रजई. एखाद्या रात्री पेटलीच तर म्हातारं माणूस उठून दारापर्यंत पोचणार कसं?

शेजारच्या गुकने भट्टीचा दांडा फिरवता फिरवता मान लांब केली. "वहिनी, माल उकडून विकायला लागलात की काय?"

"भावजी, तुम्ही तुमचे मुरमुरे फोडा."

"फोडतोच. कान झाका."

धडाम आवाज झाला, वाफेचा ढग उठला, आणि त्या ढगात उभं राहून यंग-नान सणाला लाल रेडिओ कोणाकोणाला विकले ते आठवू लागली.

त्या दिवसापासून तिने येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला विचारायला सुरुवात केली, "रेडिओ कसा चाललाय?" सगळ्यांचं उत्तर एकच. "छान. मुलाने दिलाय, छान नसायला काय झालं?" एका आजोबांनी तर तिच्याचकडे संशयाने पाहिलं, जणू तिने त्यांच्या मुलाच्या चालचलनाची चौकशी केली होती.

तेव्हा तिला घरातलं पाय चेपायचं यंत्र आठवलं. लेकीने सोलहून पाठवलेलं. तिसऱ्या दिवशी ते घरघरून बंद पडलं, तेव्हापासून यंग-नान त्यात धुतलेले मोजे ठेवत होती. लेक फोनवर विचारायची, "आई, वापरतेस ना?" आणि ही म्हणायची, "अगं, पाय कसे कापसासारखे झालेत."

मग तिने युक्ती बदलली. 'कसा चाललाय' हे विचारणंच सोडलं. "नवी गाणी आलीत, फुकट भरून देते, घेऊन या," असं सांगायला लागली. फुकट म्हटल्यावर रेडिओ बाजारात येऊ लागले. काही चांगले होते, काही नुसते गरम होत होते, काहींची पाठ फुगली होती. फुगलेल्या बॅटऱ्या तिने काढून भट्टीपासून लांब वाळूच्या बादलीत टाकल्या आणि मालकांना निळ्या रंगाचे दुसरे रेडिओ दिले, त्यांच्याच बोलण्यातला सूर धरून: "तुमच्या मुलानेच सांगितलं होतं, नवीन आला की बदलून द्या म्हणून." या थापेने सगळे खूश झाले.

घाऊक व्यापाऱ्याला तिने डेगूला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, बाकी कुठूनच तक्रार नाही."

"नसणारच. आमच्याकडूनही नव्हती."

"मग? आणि जमिनीवर भाजायला कोणी सांगितलं होतं? डब्यात कागद असतो, त्यावर लिहिलंय सगळं."

"तो कागद वाचायला मुंगीचे डोळे लागतात."

त्याने फोन ठेवला. उरलेले लाल रेडिओ तिने खोक्यात भरून टेम्पोच्या मागे ढकलले. विकलेलेही हळूहळू परत आले. एक सोडून.

जॉम-रे आजी बाजाराला यायच्या, पण हात हलवत. वरच्या वाडीत एकट्या राहायच्या. बसमधून उतरल्या की आधी यंग-नानच्या टेबलाशी येऊन उन्हात उभ्या राहायच्या.

"आजी, रेडिओ कुठाय?"

"घरी. निजलाय."

"पुढच्या वेळी आणा. नवी गाणी घालते."

"नको बाई. सांग-दॉकने जी घातलीत ती पुरेत. दुसऱ्याने हात लावलेला मला नाही चालायचा."

सांग-दॉक म्हणजे त्यांचा मुलगा, उल्सानच्या जहाजांच्या कारखान्यात जोडारीचं काम करणारा. सणाला तो अर्ध्या दिवसासाठी आला होता. टेबलाशी उभं राहून त्याने प्रत्येक बटण दाबून पाहिलं, चालू करायच्या बटणावर हिरवी पट्टी चिकटवली, म्हणजे आईला चष्म्यावाचून दिसेल. "टिकेल ना?" असं त्याने दोनदा विचारलं होतं, आणि यंग-नान दोन्ही वेळा हो म्हणाली होती.

शेवटी बाजार नसलेल्या एका दुपारी तिने टेम्पो काढला आणि वाडीचा रस्ता धरला. शेजारच्या सीटवर निळा रेडिओ होता. चढावर बर्फ होता, सावलीतल्या वळणांवर चाकं घसरत होती, आणि प्रत्येक वळणाला तिला वाटत होतं की पुढे धूर दिसणार. दिसला तो चुलीचाच.

"अगं, तू? एवढ्या थंडीत? कोणी गेलं की काय?"

"कोणी नाही गेलं, आजी. तुम्हाला बघायला आले."

"मला बघायला काय, मी काय नवरी आहे? ये, आत ये, पाय गरम कर."

आजींनी भाजलेली रताळी पुढे ठेवली, बार्लीचा चहा ओतला. उबेच्या जागेवर जमिनीला चिकटवलेला जाड कागद वर्षानुवर्षांच्या धगीने तपकिरी पडला होता. त्यावर चौघडी रजई, आणि रजईखालून वायर निघून भिंतीपर्यंत गेलेली. भिंतीवर फोनच्या वर, लांबूनही दिसावा एवढ्या मोठ्या आकड्यांत, मुलाचा नंबर चिकटवला होता.

"आजी, लावा ना रेडिओ. दोन गाणी ऐकते."

"आता नको. दुपारची त्याची झोपायची वेळ."

"रेडिओला कसली झोप?"

"तो दिवसभर गात नाही. दमतो."

यंग-नानने रजईकडे हात नेला. आजींनी तो पकडून तिच्या मांडीवर परत ठेवला, जसा पाहुण्याच्या लहान मुलाचा ठेवतात.

"सांग-दॉक गावात शाळेला होता ना," त्या म्हणाल्या, "बस चुकली की चालत यायचा. त्याच्या भाताची वाटी मी इथेच ठेवायची, झाकण घालून. कितीही उशीर झाला तरी भात गरम." त्यांनी रजईवर थापटलं. "दर रविवारी फोन करतो तो. विचारतो, आई ऐकतेस ना? मी म्हणते, ऐकते बाबा, दिवसभर ऐकते."

"आणि तो बंद पडलाय."

आजींनी रताळ्याचं साल सोलायला घेतलं. सोलता सोलता म्हणाल्या, "बंद नाही. गप्प झालाय."

मग जरा किमची, कोबीचं तिखट लोणचं, बांधून देते म्हणून त्या मागच्या अंगणात गेल्या, आणि यंग-नानने रजई उचलली. रेडिओची पाठ फुगून शिवणीत फाटली होती. हिरव्या पट्टीचा गोंद वितळून ओघळला होता. हात लावला तर गरम. आधी तिने भिंतीतून वायर उपटली. मग कोटाच्या खिशातून निळा रेडिओ काढला, आणि तिथेच थांबली. हा रंग आणि ही बिनपट्टीची बटणं आजी एका नजरेत ओळखणार होत्या.

"ठेव खाली."

आजी दारात उभ्या होत्या. हातातल्या डब्यातून लाल पाणी ठिबकत होतं.

"आजी, हा पेटेल. खरंच पेटेल. रात्री तुमच्या उशाशी."

"या जमिनीवर मी जन्म काढला. कागदाशिवाय काही जळलं नाही."

"ही बॅटरी आहे. हा घ्या, हा निळा घ्या, अगदी तोच आहे."

"तो नाहीये तो."

"मी त्यावर पट्टी लावून देते."

"तू लावशील," आजी म्हणाल्या. त्यांनी डबा खाली ठेवला. "तिकडे त्याचं काम कमी झालंय, मला सांगत नाही, पण मला कळतं. त्याला कळलं की आपण दिलेली वस्तूसुद्धा नासकी निघाली, तर तो काय खाईल, काय झोपेल? त्याला कळता कामा नये. शब्द दे."

यंग-नानने शब्द दिला. दुसरं काय करणार होती? त्या बदल्यात तिने एवढंच पदरात पाडून घेतलं की रेडिओ वायरीविना बाहेर ओट्यावर राहील, मातीच्या परातीत. आजींनी स्वतः नेऊन ठेवला. ठेवताना वरून अंगातली लोकरीची बंडी घातली.

"बंडी नको, आजी."

"बरं, बरं. तू नीघ, ऊन उतरेल."

टेम्पो उतारावरून वाडीच्या पहिल्या वळणापर्यंत आला. तिथून मागे पाहिलं की आजींचं अंगण दिसतं. यंग-नानने पाहिलं. ओट्यावर परात होती, बंडी नव्हती, आणि दार लागलं होतं. परातीत काही लाल दिसतंय का ते तिने डोळे ताणून पाहिलं. काही दिसलं नाही.

तिने गाडी कडेला घेतली. परत जावं? आजी पुन्हा बाहेर ठेवतील आणि पुन्हा आत नेतील. गावच्या पंचांना सांगावं, तर त्यांनाही आजी रताळी खायला घालून परत पाठवतील. त्या घरात एकाच माणसाचा शब्द चालत होता आणि तो उल्सानला होता. 'आई, तो मला हवाय, आत्ताच्या आत्ता यंग-नानकडे दे,' एवढंच त्याने म्हणायला हवं होतं.

पण त्याला सांगितलं तर पुढच्या बाजाराला आजी टेबलाशी येणार नाहीत. आजी गप्प राहतील, पण बस गप्प राहत नाही. दुकानवाली मुलांना फोन करते म्हणून वाडीवाडीत कळेल, आणि उद्या दुसऱ्या कोणाचं काही बिघडलं तर ते रजईखाली आणखी आत सरकेल. तिची स्वतःची लेक तिला आठवली. त्या यंत्राचं कोणी लेकीला सांगितलं असतं तर यंग-नानने त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं. अगदी खरं, नसतंच पाहिलं.

काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली होती. बाहीने पुसली तेव्हा वरच्या धुराड्यातून धूर दाट झालेला दिसला. आजी चुलीत लाकडं घालत होत्या. रात्रीसाठी जमीन तापवायला घेतली होती.

भिंतीवरचे ते मोठे आकडे तिच्या डोळ्यांसमोर होतेच. तिने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि ते एकेक करून दाबले. कामाची वेळ होती, तिथल्या खडखडाटात त्याला घंटा ऐकू येईल की नाही कोण जाणे. नाही उचलला तर पुन्हा लावायचा, तो उचलेपर्यंत लावत राहायचा, असं ठरवून तिने फोन कानाशी धरला.