आबांसाठी लावलेला कौल

देवाची पाकळी मी मुद्दाम सैल चिकटवली होती. आबांविषयी काही चांगलं सांगण्याआधी हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं ऐकायचा तुम्हाला कंटाळा येईल आणि मला लिहायची लाज.

आबांना तुम्ही रस्त्यात पाहिलं असतं तर वाटलं असतं, हा माणूस घरी काहीतरी विसरलाय. चालता चालता ते मध्येच उभे राहायचे. बसायचे नाहीत, कशाला टेकायचेही नाहीत. एक हात मांडीवर आणि नजर समोरच्या माडाच्या शेंड्याकडे. थोड्या वेळाने पोटरीतली कळ गेली की पुन्हा चालू लागायचे. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "पाय म्हणजे जुनो बैल रे. मारून चलना नाय. जरा उबो ऱ्हवाक दिलो की आपणच चलता."

आमचं गाव गोव्याच्या पेडण्यातलं, चोपड्याहून थोडं आत. मी तिथल्या देवळाचा पुजारी, वडिलांनंतर पाळी माझ्याकडे आलेली. आबा जत्रेत पालखीपुढे पेटती दिवटी धरायचे. अनवाणी, डोक्याला पांढरं फडकं, डाव्या हातात तेलाचा डबा. पालखी गावभर फिरते. कुणाच्या दारात आधी थांबायचं, कुठल्या वळणावर कुणाचा मान, हे त्यांच्या पायांना माहीत होतं. आमच्या वरच्या नि खालच्या वाड्याचं, म्हणजे दोन वस्त्यांचं, कशावरही एकमत होत नाही, पण दिवटी आबांच्या हातात असली की दोन्ही वाडे गप्प.

गावात पाय दुखतो म्हटलं की कारणं दारात येऊन पडतात. दुकानदार म्हणाला, वाल सोडा. तिठ्यावरचा न्हावी म्हणाला, घरात नव्या लाद्या घातल्यात ना, त्यांचा गारवा. एका म्हातारीने देवचाराचं, गावच्या राखणदाराचं, राहिलेलं देणं काढलं. आबांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. वाल सोडले, लादीवर गोणपाट घातलं, देवचाराला रोट दिला. मग पेडण्याच्या डॉक्टरने फोटो काढला, मणके झिजलेत म्हणून सांगितलं आणि कमरेला पट्टा दिला. तो पट्टा मी पुढच्याच आठवड्यात त्यांच्या परसात पाहिला. घडाने वाकलेल्या केळीला टेकू लावून त्यावर गुंडाळला होता.

"आबा, हे काय?"

"माज्यापरास तिका गरज असा. बघ कशी ताठ ऱ्हवली."

मी हसलो. आता हे आठवलं की हसू येत नाही. कारण तेव्हाच मला दिसत होतं की आबा आधी ओढ्यावरच्या मोरीपर्यंत एका दमात जायचे, ते आता अलीकडच्या चिंचेपाशीच उभे राहतात.

खरं कारण शोधलं त्यांच्या मुलीने. ती आमोण्याला दिलेली. चवथीला माहेरी आली आणि आबा शेतातून आल्यावर त्यांच्या पायावर पाणी घालताना म्हणाली, "बाबा, तुमचो हो पाय थंड कसो? दुसरो बरो गरम असा." पोटरीवरचे केस गेले होते, कातडी चकचकीत झाली होती. तिच्या शेजारी एक नर्स राहायची. तिला फोनवर सांगितल्यावर ती म्हणाली, हा वात नव्हे, पायाला रक्त पोचत नसेल, मोठ्या इस्पितळात ताबडतोब दाखवा. मुलगी हट्टाला पेटली. आबाही तयार झाले. फक्त म्हणाले, "देवाक विचारतंय आनी येतंय."

आमच्याकडे घर बांधायचं असो की सोयरीक जुळवायची, देवाला कौल लावल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. मूर्तीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, पुजाऱ्याने गाऱ्हाणं घालून देवाला प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

आबा सकाळी आंघोळ करून आले. जत्रा तोंडावर आली होती. आबा इस्पितळात अडकले तर दिवटी कोण धरणार? वरचा वाडा म्हणणार आमचा माणूस, खालचा म्हणणार आमचा. मागे एकदा अशाच भांडणात पालखी बाहेरच निघाली नव्हती आणि माझ्या वडिलांना दोन्हीकडच्या शिव्या खाव्या लागल्या होत्या. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मी डावी पाकळी नीट दाबून बसवली. उजवीला पाणीच कमी लावलं. आणि गाऱ्हाणं घातलं, "जत्रा करून मग इस्पितळात गेलो तर चलात काय रे म्हाराजा?"

प्रश्नही मीच वळवला होता. उजवी पाकळी पडायला वेळ लागला नाही.

आबांनी हात जोडले. बाहेर मुलगी उभी होती, तिला म्हणाले, "देवान सांगलां गो. जत्रा जावंदे." ती माझ्याकडे बघत राहिली. मी आरतीचं तबक घासायला घेतलं.

जत्रेत ते चालले. दर थोड्या अंतरावर पालखी थांबवून उभे राहत होते. लोकांना वाटलं, नवा मान असेल. तिथेच कुठेतरी अंगठ्याला दगड लागला. जखम बारीकशी होती, पण भरली नाही. काळी पडली. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, नस बंद झालीय, थोडं आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता. गुडघ्याखाली पाय काढला. मुलगी त्यांना आमोण्याला घेऊन गेली.

पुढच्या जत्रेला दिवटीवरून भांडण झालं. थोडी ढकलाढकली, थोडी आरडाओरड. मग कुणीतरी दिवटी धरली आणि पालखी निघाली. एवढंच. ज्या गोष्टीला मी घाबरलो होतो ती एवढीच होती.

आमोण्याला जायला मला दोन वर्षं लागली. वाटेत एकच विचार होता. आबा आजवर देवाची इच्छा म्हणून पाय गेल्याचं सोसत असतील, तर ते समाधान मी का हिरावून घ्यावं? न सांगता परत यावं, असं जवळजवळ ठरवलंच होतं.

मुलीने दारातच आवाज खाली करून सांगितलं, "बाबा आता देवाचां नाव काडणत नाय. फोटोय भायर काडूक लायले. म्हणतत, जल्मभर चाकरी केलंय, आनी देवान माकाच फसयलां."

आबा पडवीत खुर्चीवर बसले होते. लुंगीची एक बाजू दुमडून खोचलेली. "ये बाबू," म्हणाले. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, कुठली पाकळी कशी चिकटवली ते, आणि प्रश्न कसा वळवला तेही.

आबा म्हणाले, "म्हंजे देव माज्याकडे खोटां बोलूक नाय?"

"नाय आबा. मी बोललंय."

दोन वर्षं न जुळलेले हात त्यांनी हळूहळू छातीपाशी आणले आणि डोळे मिटले. त्या तोंडावर जे उजाडलं ते माझ्यासाठी नव्हतं, एवढं मला कळलं. डोळे उघडल्यावरही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलीला हाक मारून म्हणाले, "गो, देवाचो फोटो खंय ठेवलंस?"

ती आत गेली. मी खाली बसलो, त्यांच्या उरलेल्या पायावर डोकं ठेवलं आणि म्हटलं, "आबा, चुकलंय. माका माफ करा."