मोठ्या बोटीचा कौल

सहलीच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, असं मी आजही म्हणते. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर माझा छोटा गाळा आहे आणि तिथे बसून मी अर्ध्या मुलुंडला केरळ, राजस्थान, सिमला दाखवून आणलंय. कुठल्या हॉटेलात जैन जेवण मिळतं, कुठल्या घाटात गाडी लागते, कुठल्या सासूला खिडकी दिली नाही तर अख्खी सहल बिघडते, हे मला तोंडपाठ. कोरोनाच्या आधी मुंबईहून गोव्याला जाणारी क्रूझ सुरू झाली होती, तीही मी धडाक्यात विकली. म्हणून बाबांनी जेव्हा विचारलं, "गो, ती बोट आपल्या गावासमोरसून जाता काय?" तेव्हा मी तोऱ्यात म्हटलं, "बाबा, तुम्ही फक्त तारीख सांगा."

आमचं गाव सिंधुदुर्गात, अगदी समुद्राला लागून. बाबा लहान असताना त्यांच्या काकांबरोबर जुन्या कोकण बोटीतून मुंबईला आले, भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि मोठे होऊन गिरणीत लागले. गिरणी गेली, मग भांडुपच्या एका कारखान्यात आयुष्य गेलं. कोकण बोट तर कधीच बंद झाली होती. पुढे गावाला जायचं ते एसटीनं, मग रेल्वेनं. या माणसानं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. दिवाळीला शर्ट आणला तरी "कित्याक आणलंस?" म्हणणारा माणूस. त्यांनी बोट मागितली, आणि तीसुद्धा का, हे मला माहीत होतं असं मला वाटत होतं.

कारण त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली सांभाळायची. ही नजर कडेनं जाते. समोर धरलेला पेपर बाबा घडाघडा वाचायचे आणि कोपराशी ठेवलेला चहाचा कप हमखास लवंडायचे. आई दरवाज्यातून आत आली तर दचकायचे. आणखी किती दिवस दिसेल, हे डॉक्टरही सांगत नव्हते. आमच्या घरातली घाई होती ती एवढ्याचसाठी.

पाडव्याच्या आसपासची बोट ठरली. मी बाबांना माहितीपत्रक दाखवलं, जेवणाचे पन्नास प्रकार, वर पोहण्याचा तलाव, संध्याकाळी गाणी. ते हं हं करत राहिले. आणि पाडव्याच्या तोंडावर सगळं जग बंद झालं. मी आईबाबांना भांडुपहून उचलून मुलुंडला माझ्याकडे आणलं, आणि त्या दिवसापासून एकच प्रश्न घरात आणि फोनवर सुरू झाला. बोट कधी सुटणार?

गिऱ्हाइकं विचारायची, बाबा विचारायचे, आणि मी कंपनीला विचारायची. कंपनी म्हणायची, पावसाळ्यानंतर. पावसाळ्यानंतर म्हणाली, दिवाळीला. दिवाळीला म्हणाली, शासनाच्या परवानगीनंतर. शासन काय म्हणत होतं, ते रोज संध्याकाळी टीव्हीवर वेगळंच असायचं. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला पास लागत होता. आमच्याच गावच्या वेशीवर आमच्याच भाऊबंदांनी बांबू आडवा टाकला होता आणि मुंबईकर दिसला की त्याची रवानगी थेट शाळेत, विलगीकरणात. परदेश तर सोडाच, ठाण्याच्या पुढे जायचं तरी लोकांना चोरी केल्यासारखं वाटायचं.

मी काही हातावर हात ठेवून बसले नाही. पासाची अट उठली तशी मी लोकांना कर्जतची फार्महाउसं विकली, अलिबागचे बंगले विकले, एका कुटुंबाला तर मी लोणावळ्यात असं काही फिरवलं की ते स्वित्झर्लंड विसरले. आपल्याच राज्यात बघायला काय कमी आहे, असं मी दहा जणांना पटवलं असेल. अकरावे बाबा. ते पटायलाच तयार नव्हते.

"बाबा, थंडीत रस्ता मोकळा झालाय. गाडी करते, दोन दिवसांत गावाला. डोळे आहेत तोवर गाव बघून घ्या ना!"

"गाडयेन नाय," बाबा म्हणाले. "देवान उजवो दिल्यान हा."

आमच्याकडे काही अडलं की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवतो, प्रश्न घालतो आणि सगळे वाट बघत उभे राहतात. देवाच्या उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नाही. दिवाळीच्या सुमाराला बाबांनी मला न विचारता गावच्या माझ्या चुलतभावाला फोन केला होता आणि कौल लावायला सांगितला होता. प्रश्न असा, 'मोठ्या बोटीनं येऊ काय?' उजवी कळी टपकन पडली. झालं. आता बाबांच्या लेखी देवाचा शब्द होता, आणि बोट सुटत नव्हती.

मी चिडले. खरंच चिडले. "बाबा, बोट देवाची आहे का? कंपनीची आहे! देवाला विचारून सुटते का ती?"

"मगे कोणाक इचारून सुटता?" त्यांनी शांतपणे विचारलं.  हे अख्ख्या मुंबईत कोणाला ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला काय ते बोटीवरचं जेवण हवंय? नाच हवाय? मी आणून देते इथे!"

आई तेव्हा बाल्कनीत धुतलेली पांढरी चादर झटकत होती. बाबांनी मान पूर्ण वळवून तिकडे बघितलं. कडेचं दिसत नसल्यामुळे ते आता असंच बघायचे, तोंड समोर आणून. मग म्हणाले, "माका तेंचा जेवान नको, नाच नको. माका फकत कठडो धरून उभ्या ऱवाचा हा."

आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी पूर्वी कधीच ऐकलं नव्हतं. बाबा मुंबईला निघाले त्या दिवशी त्यांची आई, म्हणजे माझी आजी, गावच्या सड्यावर गेली होती. सडा म्हणजे डोंगरमाथ्याचं कातळ, आमच्या गावात तो पार समुद्रावर येऊन संपतो. त्या टोकावर उभी राहून ती आजोबांचं पांढरं धोतर हलवत होती, बोट दिसेनाशी होईपर्यंत. बाबांना हे ठाऊक होतं, तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. पण बोटीत चढल्या चढल्या त्यांना उलट्या सुरू झाल्या, आणि काकांनी त्यांना खाली नेऊन झोपवलं.

"मी सुट्टीक गावाक गेलंय की आये इचारी, 'दिसलंय मा रे तुका मी?'" बाबा म्हणाले. "मी म्हणय, 'दिसलंस.' ती मरेपर्यंत मी ह्याच म्हणत ऱवलंय."

  मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता, की वर्षभर मी या माणसाला पोहण्याचा तलाव दाखवत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, गुरवाला सांग, पुन्हा कौल लावायचा आहे, नवा प्रश्न आहे. देऊळ लोकांसाठी उघडलं होतं पण गाभाऱ्याशी गुरवच जात होता. भाऊ तोंडाला रुमाल बांधून फोन धरून पायरीशी उभा राहिला. गुरवानं ऐकलं आणि तिथूनच मोठ्यानं म्हणाला, "तेवाच मी म्हटलेलंय, देवाक कंपनीच्या टायमटेबलात बांधू नकात. आमचो कोण ऐकता?"

"आता ऐकतो ना," मी म्हटलं. "गाऱ्हाणं मी घालते."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळ्यांदेखत साकडं घालणं. ते जाणत्या पुरुषानं घालायचं, असा आमचा रिवाज. पलीकडे भाऊ आणि गुरव एकमेकांकडे बघायला लागले. मग बाबा माझ्या शेजारून म्हणाले, "घालूं दे तिका. तोंड तिचाच चलता." बाबांनी परवानगी दिली म्हटल्यावर कोण अडवणार होतं?

मी ओट्यावर डब्याला टेकवून फोन उभा केला, पदर नव्हता म्हणून ओढणी डोक्यावर घेतली आणि माझ्या धेडगुजरी मुलुंडी मालवणीत सुरू केलं. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिकडून भाऊ आणि गुरव, इकडून आईबाबा. नेटवर्कमुळे तिकडचं उशिरा पोचलं.

"तुझ्या ह्या लेकरानं तुका मोठ्या बोटीचो सवाल घातल्यान, तो चुकलो, तो पदरात घे."

"व्हय म्हाराजा!"

"बोट कंपनीची, कंपनी सरकारच्या हातात, आणि सरकार आजाराच्या हातात. तुझ्या लेकराच्या डोळ्यांना तेवढा वेळ नाय. तर मी त्याला रस्त्यानं आणते, तुझ्या बंदरातल्या होडीत बसवते आणि समुद्रातनं तुझा सडा दाखवते. हे तुला मान्य असेल तर उजवी दे. आणि लवकर दे, रेंज जाईल!"

"व्हय म्हाराजा," भाऊ हसू दाबत म्हणाला.

गुरवानं कळ्या चिकटवल्या. आम्ही चौघंपाचजण एका फोनच्या आरपार त्या काळ्या पाषाणाकडे बघत होतो. कळी हलेना. कुकरची शिटी झाली तशी आईनं गॅस बंद केला. बाबांनी फोन हातात घेऊन थेट डोळ्यांसमोर धरला. देवानं मला चांगलं ताटकळवलं, माझ्या आगाऊपणाचा हिशेब असावा. मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडायला सुरुवात करणार, एवढ्यात बाबा म्हणाले, "पडली. उजवी." मागून भावाचा आवाज आला, "उजवी गो, उजवी!"

पुढचं माझं काम होतं, आणि ते मी चोख केलं. तपासण्या केल्या, अहवाल घेतले, वाटेत कुठे थांबायचं आणि कुठे नाही ते ठरवलं, डबे घरून नेले. माघातली थंडी होती. गावात आम्हाला कोणी शाळेत कोंडलं नाही, फक्त आठवडाभर मागच्या पडवीत वेगळं ठेवलं आणि भावाच्या बायकोनं जेवण लांबूनच सरकवलं. भावाच्या मुलाच्या वर्गात शिकलेला एक गाबीत मच्छीमार आपली होडी द्यायला तयार झाला. त्याच्या घरात सगळे मासेमारीतलेच, समुद्र त्याचा अंगणासारखा. "आजोबांका अलगद नेतंय, काळजी करू नकात," असं तो मला म्हणाला.

आई होडीत यायला तयार नव्हती. लग्न होऊन ती त्याच कोकण बोटीनं मुंबईला आली होती आणि त्या प्रवासाची भीती तिच्या पोटात अजून बसलेली होती. "तुम्ही जावा. मी हयच बरी," ती म्हणाली. सकाळी आम्ही बंदराकडे उतरलो तेव्हा तिच्या काखेत एक पिशवी होती आणि ती उलट्या दिशेला, वर चढत होती. मला वाटलं देवळात जातेय.

होडी बाहेर पडली. बाबा मधल्या फळीवर बसले होते, मी त्यांचा दंड धरून. लाटा बेताच्या होत्या. मागे वळून बघितलं तर माड, बंदर, देवळाचा कळस, कातळाचा तो लांब काळा सडा, सगळं एकदम दिसत होतं. मला. बाबांना नाही. त्यांच्या नजरेत ते सगळं मावतच नव्हतं. ते मान इकडून तिकडे नेत होते, कधी नुसतं पाणी, कधी नुसतं आभाळ. मी हळूच त्यांची हनुवटी धरून वळवायला गेले, त्यांनी हात झटकला.

 आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपली सहल फसली. इतक्या लांब आणून या माणसाला आपण दाखवलं काय, तर त्याला काय दिसत नाही ते.

आणि मग सड्याच्या टोकावर काहीतरी पांढरं हललं.

ती आई होती. मुलुंडच्या बाल्कनीत झटकत होती तीच चादर दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवत होती. मी तोंड उघडलं, पण बाबांना सांगावं लागलं नाही. त्यांची मान फिरायची थांबली होती. कडेचं सगळं गेलेली ती नजर, मधलं तेवढं शिल्लक होतं, आणि बरोबर त्या मधल्यात ती चादर होती. माड नव्हते, बंदर नव्हतं, होडीत मीही नव्हते. बाबा उठून उभे राहिले. मच्छीमार ओरडला, "आजोबानू, बसा!" ते बसले नाहीत. होडीला कठडा नव्हता म्हणून माझा खांदा धरून उभे राहिले.

होडी आणखी बाहेर गेली. चादर लहान लहान होत गेली, तरी हलत राहिली. आईला थांब म्हणून सांगणारं तिथे कोणी नव्हतं, आणि ती आपल्या आपण थांबणारी बाई नाही.  बाबांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना माझा खांदा सोडायचा नव्हता.

पुढे शिमगा झाला आणि सगळ्या सीमा पुन्हा बंद झाल्या. मोठी बोट तेव्हाही सुटली नव्हती, आणि सुटली तेव्हा आमच्या घरात ते कोणी विचारलंही नाही. पण हे सगळं नंतरचं.

तेव्हा होडीत मच्छीमारानं मला खुणेनं विचारलं, अजून पुढे नेऊ का? मी हो म्हणणार होते. एवढ्या लांबून आलो होतो, पुरतं बघून घेऊ दे म्हाताऱ्याला.

बाबाच म्हणाले, "नको. वळय रे होडी." त्यांनी माझा खांदा घट्ट दाबला. "हात दुखत असतले तिचे."