टेकडीवरचे उभे गवत

मुलांनो, टेकडीच्या पश्चिम उतारावर मोठी झाडे का नाहीत, असे तुम्ही फोनवर विचारलेत आणि मी विषय बदलला. आता नीट लिहिते.

तुमची आई बारावीत होती. टेकडीखालच्या शेतांत पहिल्या कॉम्प्युटर कंपनीच्या काचेच्या इमारतीचा पाया खणला जात होता, तेव्हा आमची समिती झाली. टेकडी वनखात्याची, राखण गावाची, रोपे आणि नोंदी आम्हा शहरातल्या स्वयंसेवकांच्या. गावाने वर गुरे सोडायची नाहीत. त्याबदल्यात दिवाळीनंतर गवत कापून न्यायचे. कापून झाले की गावकरी कडेने रुंद पट्टा साफ करत, आग आलीच तर तिथे अडावी म्हणून. नियम मी लिहिले. प्रत्येक रोपाला पत्र्याचा नंबर होता आणि माझ्या वहीत त्याची उंची.

सहाव्या वर्षी हिरडे-बेहडे माझ्या डोक्यापेक्षा उंच झाले. गवत कमरेएवढे झाले. दिवाळी झाली, पण कापणीच्या परवानगीचे पत्र येईना. वनखात्यातल्या जुन्या साहेबांची बदली झाली होती, नवे रुजू व्हायचे होते. पत्राशिवाय विळा लावायचा नाही, हाही माझाच नियम.

समितीत गावातल्या एक आजीबाई होत्या. त्यांच्या दोन म्हशींचा चारा सगळा या टेकडीचा. दर रविवारी त्या विळा घेऊन पायथ्याशी येऊन बसत.

"बाई, कापू द्या आता. वाळाया लागलंय."

"पत्र येऊ द्या. या आठवड्यात येईल."

"मागल्या आठवड्यात बी येनारच हुतं."

संक्रांतीनंतर गवत पांढुरके पडले. चालताना ते साडीला घासून कागदासारखे वाजे. कंपनी सुरू झाली होती. तिथली मुले दुपारी वर येत आणि पायवाटेवर सिगारेटची थोटके टाकून जात. मी ती वेचून पिशवीत भरत असे आणि वहीत लिहीत असे: आज अकरा.

आजीबाईंनी वहीकडे पाहिले. "ल्ह्या, ल्ह्या. आग काय पत्र वाचून थांबती व्हय?"

मला राग आला. मी हो म्हणाले नाही.

पुढच्याच आठवड्यात मंडईतून परतताना टेकडीच्या पश्चिम अंगाला धूर दिसला. रिक्षा तशीच तिकडे वळवली. गावकरी ओल्या फांद्यांनी झोडपत होते, त्यांत आजीबाईही होत्या. चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते, हे मी त्या दिवशी पाहिले. तिला अडवायला पट्टा नव्हता. संध्याकाळी राखेत माझे पत्र्याचे नंबर तेवढे सापडले. विळा आजीबाईंच्या कमरेला तसाच होता. उन्हाळ्याआधी त्यांनी म्हशी विकल्या.

नवे साहेब पाहणीला आले. मी पत्राबद्दल विचारले.

"अहो मॅडम, ठरलेल्या कापणीला पत्र कुठे लागतं? आधीचे साहेब तुमच्या आग्रहाखातर देत होते."

हे आजीबाईंना सांगायला मी गावात गेले. त्यांनी ऐकून घेतले, पाणी दिले आणि रिकाम्या गोठ्याकडे बघत बसल्या. समितीच्या बैठकीला त्या पुन्हा आल्या नाहीत.

यंदा तुम्ही डिसेंबरात येणार आणि टेकडीवर जायचा हट्ट धरणार. तिथे आता कापणारे कोणी उरलेले नाही. गवत उभे असेल तर मी तुम्हाला वर नेणार नाही.