पायऱ्यांवरचं मेण

“पायऱ्यांवरचं मेण खरवडून काढ. तुला जमेल ते.”

मिसनी माझ्या हातात बोथट सुरी दिली. समोर मेरीमातेचा पुतळा. त्याच्या पायऱ्यांवर सात मेणबत्त्या जळून संपलेल्या. बाकीच्या मुली रांगेनं वर्गाकडे चाललेल्या. मी सुरी घेतली आणि म्हणाले, “थँक यू, मिस.”

हो, थँक यू म्हणाले. तेव्हा मी आठवीत होते.

बाबा लष्करात म्हणून कॅम्पातल्या त्या कॉन्व्हेंटमध्ये मला प्रवेश मिळाला होता. आम्ही राहायचो मांजरी गावात, भाड्याच्या एका खोलीत. आई उसात खुरपायला जायची. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सीमेवर युद्ध पेटलं होतं आणि बाबांची पलटण तिकडेच होती. पलटण जाते तेव्हा नुसते बंदुकवाले जात नाहीत. आचारी जातो, धोबी जातो, न्हावी जातो, सफाईवालाही जातो. बाबा सफाईवाला होते.

शाळेत नवी पद्धत सुरू झाली. सकाळच्या प्रार्थनेत सिस्टर एक यादी वाचायच्या. जिचे वडील सीमेवर, त्यांचं नाव आणि हुद्दा. मग ती मुलगी पुढे जाऊन त्यांच्या नावाची मेणबत्ती लावायची. सगळी शाळा उभी असायची. त्या मुलींचा मला फार हेवा वाटायचा. आपणही असंच पुढे जायचं, एवढंच मनात होतं.

यादीसाठी आमच्या मिस चिठ्ठ्या गोळा करत होत्या. मी बाबांचं पूर्ण नाव लिहिलं, पलटण लिहिली आणि हुद्द्याच्या जागी स्वच्छ अक्षरात सफाईवाला लिहिलं. मिसनी चिठ्ठी वाचली. आडनावावर जरा थांबल्या. साऱ्या वर्गाशी इंग्रजीत बोलणाऱ्या मिस माझ्याशी मराठीत बोलायच्या. तसंच बोलल्या.

“अगं, ही लढायला गेलेल्यांची यादी आहे.”

“बाबा पण तिकडेच आहेत, मिस.”

“असतील ना. झाडायला लागतंच कोणीतरी.”

वर्ग हसला. आणि मीही हसले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. सगळ्या हसतायत तर आपणही हसावं, म्हणजे आपण त्यांच्यातल्या होऊ, असं वाटलं असेल. शाळेतल्या सात मुलींच्या वडिलांची नावं यादीत गेली. माझी चिठ्ठी मिसनी मला परत दिली. दुसऱ्या दिवशी हातात सुरी आली. आपल्यालाही काहीतरी काम मिळालं म्हणून मला जरासा आनंदच झाला. हे लिहिताना आजही तोंड लपवावंसं वाटतं.

रोज प्रार्थना झाली की मी पायऱ्यांवर बसायचे. मेण नखात जायचं, युनिफॉर्मला लागायचं. एकदा आईनं माझा हात हातात घेऊन बघितला.

“ह्ये काय लागलंय गं?”

“मेण. शाळेत मेणबत्ती लावतात, सीमेवरच्यांसाठी.”

“तुज्या बाबाच्या नावाची कोन लावतं?”

“मीच,” मी म्हणाले.

एकच शब्द. आईचं तोंड असं फुललं की पुढचं मला बोलवेना. रविवारी तिनं विहारात सगळ्या बायकांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती कामाला उशिरा जाऊ लागली. शाळेची प्रार्थना साडेसातला, म्हणून बरोबर साडेसातला घरात बाबासाहेबांच्या फोटोपुढे एक मेणबत्ती लावायची. पोर तिकडे लावतेय, मी इकडे लावते, असं म्हणायची. त्याच वेळी मी तिकडे दुसऱ्यांच्या बापांचं मेण खरवडत असायचे.

मेणबत्तीचं बाबांना लिहायचं मी टाळलं, म्हणून आईनं शेजारच्या काकांकडून तसं पत्र लिहून घेतलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. बाबांनी लिहिलं होतं की तळाजवळ तोफगोळे पडतात. जखमी खाली आणायला माणसं कमी पडली की तेही स्ट्रेचर उचलतात. आणि खाली लिहिलं होतं, “साहेबांच्या पोरींबरोबर माझी पोर माझ्या नावाची मेणबत्ती लावते, हे मी तंबूत सगळ्यांना सांगितलं. कोणाला खरं वाटेना.”

ते पत्र आईला मीच वाचून दाखवलं. शेवटची ओळ मी अडखळत वाचली. आईला वाटलं, बापाची आठवण आली.

दुसऱ्या दिवशी मी पत्र दप्तरात घालून नेलं. मिसना दाखवायचं ठरवलं होतं. बघा, माझे बाबा नुसते झाडत नाहीत, जखमींना उचलून आणतात. आता तरी नाव घ्या. प्रार्थना झाली. मिसनी नेहमीसारखी सुरी पुढे केली. मी पत्र काढायला हात घातला आणि तसाच थांबवला. स्ट्रेचर उचललं म्हणून नाव घ्यायचं, मग झाडू उचलला त्याचं काय? पत्र दाखवणं म्हणजे बाबांच्या झाडूबद्दल माफी मागणं झालं असतं. त्या तळावरचे संडास रोज साफ होत होते म्हणून साहेबांची पलटण धड उभी होती.

पत्र दप्तरातच ठेवलं.

“मी मेण काढणार नाही, मिस.”

“का? हात दुखले बाईसाहेबांचे?”

“नाही. माझे बाबा सीमेवर आहेत. ते सफाईवाला आहेत. नाव वाचायचं तर एवढंच वाचा.”

मिसनी सुरी पायरीवर ठेवली आणि म्हणाल्या, “उद्या आईला घेऊन ये.”

आई कामाचा खाडा करून, धुतलेलं लुगडं नेसून आली. तिला वाटलं, कौतुकाला बोलावलंय. मिसनी तिला सगळं सांगितलं. यादीत नाव कधीच नव्हतं, मुलीला साधं काम दिलं होतं, तेही जड झालं. आई माझ्याकडे बघत राहिली. तिनं मिसची माफी मागितली नाही. मलाही मागायला लावली नाही. परतताना बस हडपसरला आली. मग म्हणाली, “तुज्या बाला ह्ये कळता कामा नये.”

कळलं नाही. शिक्षा म्हणून मी आठवडाभर वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी राहिले. नाव शेवटपर्यंत वाचलं गेलं नाही. युद्ध संपलं. बाबा सुखरूप परत आले, यथावकाश निवृत्त झाले. चार वर्षांपूर्वी आई गेली. बाबा आता माझ्याकडे असतात. घरी कोणीही आलं की चहा होईपर्यंत त्यांची एक गोष्ट ठरलेली असते. “कॉन्व्हेंटमध्ये माझ्या नावाची मेणबत्ती लागायची.” मी आत कप धूत राहते.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की बाबांचं मन जपतेय. खोटं आहे ते. वर्गाबरोबर मी हसले होते, ते हसू मी झाकत होते. आणि माझ्या गप्प बसण्यानं त्या शाळेचंही झाकलं गेलं. ज्या शाळेनं बाबांना नाव नाकारलं, तिचा मान बाबा आजही येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे वाढवतायत. हे माझ्यामुळे.

मागच्या आठवड्यात शाळेचं पत्र आलं. माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यात मी बोलावं अशी विनंती आहे. सोबत माझ्या परिचयाचा मसुदाही आहे. त्यात “एका शूर सैनिकाची कन्या” असं लिहिलंय. मी ते खोडून “लष्करातल्या सफाईवाल्याची मुलगी” असं केलं आणि मसुदा परत पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.

उद्या सकाळी बाबांना समोर बसवून सगळं सांगणार आहे. मेणबत्ती लागली नव्हती, हे सांगणार. मी हसले होते, हेही सांगणार. त्यांना लागेल. कदाचित ते माझ्याशी बोलायचे नाहीत. तरी सांगणार. मग शाळेत जाऊन, माईकसमोर उभी राहून, हेच सगळं पुन्हा सांगणार. त्यांनी बोलावणं मागे घेतलं, तर फाटकाबाहेर उभी राहून सांगेन.