पंपाचा वरबाप

पंप विकणारे नाना सुरतजवळच्या कुठल्याही कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये शिरले की चहा नाही, पाणी नाही, आधी ड्रमकडे बोट दाखवून विचारायचे, "मुलगी कोणत्या घरची?" मुलगी म्हणजे ड्रममधलं केमिकल. आणि त्यांच्या स्कूटरच्या मागे दोरीनं बांधलेले पंप हे सगळे त्यांचे मुलगे. कडोदऱ्यापासून पलसाण्यापर्यंत या माणसानं असली ढिगानं लग्नं लावली, स्वतः मात्र बिनलग्नाचाच राहिला. विचारलं तर म्हणायचे, "मला झेपेल असं केमिकल भेटलंच नाही."

त्यांचं गुणमेलन अगदी कडक. "ही ॲसिडबाई, तोंडाची जहाल. लोखंडाचा नवरा दिलात तर महिन्याभरात खाऊन बसेल. हिला प्लास्टिकचा द्या, गरीब आहे, ऐकून घेतो." थिनरची गोष्ट उलटी. "ही तापट. साध्या मोटरचा नवरा नको, एक ठिणगी उडाली की दोघं मिळून मिल पेटवतील. प्लास्टिकचाही नको, तो मेला मनातल्या मनात वीज साठवतो." एका मॅनेजरनं दोन्ही ड्रमांना मिळून एकच पंप मागितला, तर नाना लालबुंद झाले. "एकाला दोन बायका? देशात कायदा आहे की नाही?"

पलसाण्याच्या आमच्या मिलमध्ये मी ऑफिसात बिलं टाइप करायची आणि माझे वडील, आबा, ड्रमांवर होते. आबांची पद्धत अशी: रबरी नळीचं एक टोक ड्रमात, दुसरं तोंडात, जोरात ओढायचं आणि ॲसिड ओठांशी यायच्या आत नळी बादलीत सोडायची. एकदा अंदाज चुकला. ओठ सुजले, जीभ सोलली, घरचं सपक वरणही त्यांना निखाऱ्यासारखं लागायचं. आठ दिवसांनी माणूस पुन्हा नळी तोंडात धरून उभा! मी रडत नानांना गाठलं.

नानांनी ड्रमचं लेबल वाचलं आणि डोक्याला हात लावला. "पोरी, हिला दोन्ही दोष आहेत गं. लोखंड खाते, आणि सुरतच्या उन्हात हिची वाफ पेटतेसुद्धा." तिला जुळणारा एकच मुलगा होता. उंची स्टीलचा, कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा, आणि भलताच महाग. शेठनं साध्या मोटरचा एक स्वस्त पंप बघून ठेवला होता. "नानाभाई, आ चालशे."

"नाही चालणार."

माझं डोकंच फिरलं. "अहो नाना, कुठला का असेना, द्या ना! आबांचं तोंड जायची पाळी आलीय आणि तुम्हाला पत्रिका सुचतायत?"

"चुकीचा नवरा दिला तर तोंडच काय, आबाच जाईल," नाना म्हणाले. तेवढं एकदाच मी त्यांना न हसता बोलताना पाहिलं.

दसऱ्याला मिलमध्ये मशीनांची पूजा होती. नाना तो स्टीलचा पंप घेऊन हजर. पंपाला मुंडावळ्या, ड्रमला हिरवा खण! एक तांब्याची तार त्यांनी पंपाला नि ड्रमला जोडून जमिनीत पुरलेल्या सळईपर्यंत नेली. "ही लग्नगाठ. रागाची वीज परस्पर जमिनीत." पुजारी निरांजन लावायला लागला तसे नाना ओरडले, "होम नाही, आरती नाही, उदबत्ती नाही! मुलीला ज्योत सोसत नाही." आमच्या खानदेशी कामगारांनी बेसूर मंगलाष्टकं म्हटली. शेठनं आणि त्याच्या आईनं, बांनी, हसत हसत अक्षता टाकल्या.

दुसऱ्या दिवशी शेठ म्हणाला, "गंमत झाली, आता पंप घेऊन जा." नानांनी छातीवर हात ठेवला. "लग्न लागलेला नवरा परत? शेठ, दसऱ्याला लागलेलं लग्न?" कामगारांनी काम थांबवलं. आणि बा, ज्या मांजर आडवं गेलं तरी गाडी वळवायच्या, त्या खुर्चीतून उठल्या. "लगन थई गयां. हवे तोडाय नहीं." शेठनं पैसे मोजले आणि पंप ठेवून घेतला. आबांनी नळी कापून तिचे तुकडे केले.

तेव्हापासून आबा त्या पंपाला जावई मानायचे. कोणी हात लावला की गुरकायचे, "हाऊ मना जवाई शे!" अधिक महिना आला की आई अनारसे करायची, आबा त्यातले पंपापुढे ठेवायचे आणि नाना वरबाप म्हणून ते खायला यायचे. वर मानपान! एकदा पाट दिला नाही म्हणून दारातच रुसून बसले. पुढे माझं लग्न झालं, तर माझ्या नवऱ्याला धाकट्या जावयाचा मान. बिचारा मुकाट्यानं दुसऱ्या नंबरचं वाण घ्यायचा.

मिल बंद पडली तेव्हा आबांनी भंगारातून पंप लिंबायतच्या घरी आणला. त्याच वर्षी नाना गेले. पुढचा अधिक महिना आला, आईनं ताट काढलं, पण ते कोणापुढे ठेवायचं तेच कळेना. शेवटी माझा नवराच उठला. नानांचा पाट मांडला, पंपाला कुंकू लावलं आणि अनारशाचं ताट आधी त्या थोरल्या जावयापुढे सरकवलं.

आबांनी एक अनारसा उचलला, तोंडात घातला आणि कितीतरी वेळ नुसता घोळवत राहिले. "गोड झालाय गं," म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.